शिडीला हात लावला की मुंग्या येतात

माननीय संपादक यांस,

स. न. वि. वि.

मी अलिबाग तालुक्यातल्या नागावचा. नोकरी आयटीआयमध्ये झाली, शिल्प निदेशक म्हणून. ट्रेड वीजतंत्री, म्हणजे इलेक्ट्रिशियन. शेजारच्या वर्गाच्या दारावर ‘तारतंत्री’ (वायरमन) अशी पाटी होती, आणि दोन्हींत फरक काय, हे नव्या पोरांना दर वर्षी समजावून सांगावं लागायचं. आता निवृत्त आहे. वाडीत नारळ-सुपारी बघतो. गावात कुणाची विहिरीवरची मोटर बसली की स्कूटरच्या डिकीत पक्कड-टेस्टर टाकून जातो. पैसे घेत नाही, चहा घेतो.

पत्र लिहायचं कारण मात्र विहिरीवरच्या मोटरचं नाही. स्विमिंग पुलातल्या दिव्याचं आहे. हा शेठ लोकांचा प्रश्न, त्याला वाचकांच्या पत्रात जागा कशाला, असं वाटण्याचा संभव आहे. पण आमच्या किनारपट्टीवर आता तसं राहिलेलं नाही. आम्ही पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. आज त्याच वाड्यांमध्ये भिंतीआड निळं पाणी दिसतं. आवास, किहीम, वरसोली, नागाव, चौल, कुठेही जा. शनिवार-रविवारी मांडव्याच्या धक्क्यावरून गाड्यांची रांग लागते आणि त्यातले निम्मे लोक ‘पूल आहे ना?’ एवढंच विचारून बंगला ठरवतात. ‘पुलावर भेटू’ म्हटलं तर रेवदंड्याच्या खाडीवरच्या की बंगल्यातल्या, हे आता विचारून घ्यावं लागतं. पोहणारे बहुतेक शेठ नसतात. ठाणे-डोंबिवली-पुण्याची, चार घरांनी वर्गणी काढून आलेली माणसं असतात. आणि पोरंबाळं.

आमच्या पुतण्याचा असाच एक बंगला आहे. तो ठाण्याला असतो, बंगला शनिवार-रविवार भाड्यानं जातो, एरवी केअरटेकर बघतो. गेल्या मे महिन्यात एका गुरुवारी पाहुणे नव्हते म्हणून घरचीच सगळी जमली. संध्याकाळी सातचा सुमार, पुलातले दोन्ही दिवे लावलेले, पाणी छान निळं-हिरवं उजळलेलं. माझा अकरा वर्षांचा नातू खोल बाजूच्या स्टीलच्या शिडीशी आला आणि म्हणाला, ‘आजोबा, शिडीला हात लावला की मुंग्या येतात.’

काठावर बसलेल्यांनी ते हसण्यावारी नेलं. पाण्यात दोन तास आहेस, येणारच मुंग्या. माझ्या मात्र पोटात गोळा आला. मी ओरडलो की शिडीला कुणी हात लावायचा नाही, सगळ्यांनी त्या बाजूपासून लांब व्हा, आणि पंप-खोलीकडे धावलो. मेन पाडला. अख्खा बंगला अंधारात गेला, आतून बायका ‘काय झालं, काय झालं’ करत बाहेर आल्या. मग एकेकाला पायऱ्यांच्या बाजूनं बाहेर काढलं. आधी मेन, मग माणसं. हा क्रम मी पोरांकडून घोकून घेत आलो होतो, पण स्वतःच्या घरच्यांवर तो वापरायची वेळ पहिल्यांदाच आली.

केअरटेकर टेस्टर घेऊन आला. ‘काका, मी परवाच शिडीला टेस्टर लावून बघितलेला, काही नाही. गेल्या महिन्यात एक पाहुणे पण असंच बोलले होते.’ त्याचं दुसरं वाक्य ऐकून मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. पहिल्या वाक्याबद्दल लिहितो, कारण ही समजूत घराघरांत आहे. टेस्टरमधला निऑनचा दिवा साठ-सत्तर व्होल्टच्या खाली सहसा पेटतच नाही. कोरड्या फरशीवर, पायात चप्पल असताना, भिंतीतल्या सॉकेटला तो ठीक आहे. ओल्या अंगाला मारायला मात्र साठ व्होल्टची गरज नसते. टेस्टर गप्प म्हणजे करंट नाही, हा हिशेब पाण्यापाशी चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, पाण्याजवळ कुणी नाही याची खात्री करून, मल्टिमीटर लावला. एक टोक शिडीला. दुसरं टोक लांब वायरला जोडून, वायर बांबूला बांधून, पाण्यात सोडलेलं. दिवे बंद असताना काटा जागेवर. (माझा मीटर काट्याचाच आहे, आणि तो मला आवडतो.) दिवे लावले, आणि काटा १४ व्होल्टवर जाऊन थांबला. बंद केले, खाली आला. तीनदा करून पाहिलं.

१४ व्होल्ट ऐकायला काहीच वाटत नाही, मोटारसायकलची बॅटरी जवळपास तेवढी असते. पण हिशेब करू. ओल्या अंगाचा रोध हजार ओहम धरला तर १४ मिलिअँपियर होतात, आणि छातीपर्यंत पाण्यात असलेल्या पोराच्या बाबतीत हजारसुद्धा धरू नयेत. दहा-पंधरा मिलिअँपियरला हाताचे स्नायू आखडतात, धरलेलं सोडता येत नाही. जमिनीवर माणूस निदान किंचाळतो, पडतो. पाण्यात हातपाय चालेनासे होतात आणि माणूस आवाज न करता खाली जातो. बघणाऱ्यांना वाटतं, दम लागला, पेटका आला. त्यातून पाणी गोडं असेल तर आणखी वाईट. माणसाच्या अंगातलं पाणी खारट, बाहेरचं त्यामानानं गोडं, म्हणून विजेला अंगातून जाणं सोपं पडतं. नातवानं शिडी घट्ट धरली नव्हती, बोटं टेकवली होती, एवढंच.

मग पंप-खोलीत जाऊन पाहिलं. बंगला बांधला तेव्हाच्या वायरमननं काम चोख केलं होतं. भिंतीवर ट्रान्सफॉर्मर, २३० व्होल्ट आत, १२ व्होल्ट बाहेर. पुलात उतरणारी वीज १२ व्होल्टच्या वर नसावी आणि ती देणारा ट्रान्सफॉर्मर पाण्यापासून लांब असावा, हा या कामाचा पाया. नुसते व्होल्ट कमी करून भागत नाही. आतल्या दोन गुंडाळ्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या असाव्या लागतात. प्रायमरी आणि सेकंडरीत नातं फक्त चुंबकत्वाचं, तांब्याला तांबं कुठेही लागत नाही. म्हणून घरातल्या लाइनीत काही गडबड झाली तरी ती पाण्यात उतरत नाही. तर तो ट्रान्सफॉर्मर भिंतीवर होता, फक्त शोभेला. त्याच्यात येणाऱ्या आणि त्याच्यातून जाणाऱ्या तारा सोडवून एकमेकींना पिळ मारून जोडल्या होत्या, वर काळी टेप. थेट २३० व्होल्ट, पाण्यात.

चौकशी केली तेव्हा कथा समजली. खोल बाजूचा जुना ३०० वॉटचा दिवा गेल्या गणपतीच्या आधी गेला. पुतण्यानं ऑनलाइन ३५ वॉटचा एलईडी मागवला. उजेड तेवढाच, वीज जवळपास नवव्या हिश्शाची, मीही हेच सांगितलं असतं. पण आला तो २३० व्होल्टचा. खोक्यावर तसं लिहिलेलं होतं, कुणी वाचलं नाही. लावणारा माणूस केअरटेकरच्या ओळखीचा, एसीची कामं करणारा. त्यानं दिवा ट्रान्सफॉर्मरला जोडला, तो पेटेना. मग ट्रान्सफॉर्मर खराब आहे असं ठरवून त्यानं त्याला वळसा घातला. दिवा लख्ख पेटला. सगळे खूश.

पुढे पावसात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाइन तोडणारं यंत्र, सारखं पडायला लागलं. शनिवारची रात्र, पाहुण्यांचे एसी बंद, फोनवर फोन. पुन्हा तोच माणूस आला. त्यानं सांगितलं, हे यंत्र फार नाजूक असतं, आपल्याकडच्या दमट हवेत चालत नाही. आणि काढून टाकलं. केअरटेकरनं ते जपून ठेवलं होतं, चुन्याच्या डब्याशेजारी. मी आणून तपासलं. ३० मिलिअँपियरचं, टेस्टचं बटण दाबलं की झटक्यात पडणारं, ठणठणीत. त्या बिचाऱ्यानं पावसाळाभर सांगितलं की पाण्यात गळती आहे. सांगतो म्हणून त्यालाच घराबाहेर काढलं.

आता कायद्याचं. आम्ही वर्गात १९५६ च्या भारतीय वीज नियमांतला ४५ वा नियम पाठ करून घ्यायचो. विजेचं काम परवानाधारक कंत्राटदारानं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली करावं, असं तो सांगतो. पण त्यात एक सवलत आहे. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच अशा गोष्टी बदलायला परवाना लागत नाही, मात्र त्या बदलानं जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलता कामा नये. १९५६ चे नियम गेले, त्यांच्या जागी केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम आले, पण कामाची रीत तीच आहे. लोकांच्या डोक्यात त्या वाक्याचा पहिला अर्धाच राहिलाय. ‘बल्ब तर बदलायचाय, त्याला काय वायरमन लागतो?’ बैठकीतला बल्ब बदलताना हे खरं आहे. पुलातल्या १२ व्होल्टच्या जागी २३० व्होल्ट आले की स्वरूप बदललं, आणि ते काम बल्ब बदलण्याचं उरलं नाही. हे सांगायला मी पत्र लिहायला बसलो.

एरवी हे काम अवघड नाही हेही सांगायला हवं, नाहीतर लोक उगाच घाबरून पूल उपसायला लागतील. हजारो लिटर पाणी फेकून देण्याचं काहीएक कारण नाही. आमच्याकडे मे महिन्यात टँकरची वाट बघणारी घरं आहेत. पाणी न काढता दिवा निघतो, तशीच त्याची रचना असते. भिंतीत एक गोल कोनाडा, गवंडी त्याला डबा म्हणतात. त्यात दिवा बसतो आणि दिव्यामागे काठापर्यंत पुरेल एवढी वायर वेटोळं करून ठेवलेली असते. मेन बंद करून त्याला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. मग काठावर पोट टेकून पालथा झालो आणि हात पाण्यात घातला. बाहेरच्या कड्याला वरच्या बाजूला एकच स्क्रू असतो, तो सोडला की कडं पुढे झुकतं, दिवा हातात येतो, आणि वेटोळं सुटत सुटत काठावर. बाहेर आलेल्या दिव्याच्या काचेत निम्म्यापर्यंत पाणी होतं, लोणच्याच्या बरणीत खार उतरावा तसं. वायरीचा जोड त्या कोनाड्यातच, पाण्याखाली, एम-सीलचा गोळा थापून केलेला. गोळ्याला भेग.

पाण्याखाली जोड नकोच, कितीही एम-सील थापा. दिव्यापासून निघालेली वायर अखंड, पुलाच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर असलेल्या जंक्शन बॉक्सपर्यंत गेली पाहिजे. म्हणून नवा दिवा मागवताना १२ व्होल्टचा, आयपी ६८ चा (म्हणजे कायम पाण्याखाली चालणारा) आणि कारखान्यातूनच दहा मीटर वायर लावून आलेला असा मागवला. जुनी वायर जंक्शन बॉक्सकडून ओढायची आणि तिच्या शेपटाला नवी बांधायची, लेंग्यात नाडी ओवतात तशी. पाइपाच्या वळणावर अडकली. पुतण्या तिकडून ओढतोय, मी इकडून साबणाचं पाणी लावून रेटतोय, असा अर्धा तास गेला. पाइपाचं कोनाड्यातलं तोंड नीट बंद नव्हतं, तेही या निमित्तानं केलं. पुलाचं पाणी रोज बोटभर उतरतं, ऊन फार आहे, असं केअरटेकर म्हणायचा. ते उन्हानं नव्हतं, या पाइपातून जात होतं. तोंडाशी थोडी शाई सोडली तर ती अलगद आत ओढली जाताना आम्ही डोळ्यांनी पाहिली.

बसवण्याआधी नवा दिवा पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवून लावून पाहिला. हे दिवे पाण्यानंच थंड राहतात, बाहेर कोरडे पेटवून ठेवले तर तापून रबराची गास्केट जाते. गास्केट नवी, स्क्रू नवा. क्लोरिनचं पाणी आणि आमची खारी हवा, दोन्ही मिळून साध्या स्क्रूचा वर्षात भुगा करतात, म्हणून ३१६ प्रतीच्या स्टेनलेसचा आणला होता. आणि तो माझ्या हातून निसटून सात फुटांत गेला. पुतण्या दोरीला लोहचुंबक बांधून अर्धा तास गळ टाकल्यासारखा बसला. मी मुद्दाम काही बोललो नाही. ३१६ स्टेनलेस चुंबकाला चिकटत नाही हे त्याला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत कुणीतरी सांगितलंच असेल. शेवटी नातवानं गॉगल लावून बुडी मारली आणि पहिल्या दमात स्क्रू वर आणला. मेन तेव्हाही बंद होता, हे त्याच्या आजीला मी तीनदा सांगितलं.

ट्रान्सफॉर्मर पूर्ववत जोडला. तो कधी खराब नव्हताच. उथळ बाजूचा जुना दिवा १२ व्होल्टचाच होता, त्याच्यासाठी आधीपासून वेगळा ट्रान्सफॉर्मर होता. शिडीची पट्टी आर्थिंगला जोडलेली आहे की नाही ते पाहिलं, सैल होती, आवळली. आरसीसीबी आपल्या जागी परत गेला. पुन्हा बांबूला वायर बांधून मोजलं. काटा हलला नाही. दिवा आणि वायर मिळून खर्च सात हजारांच्या आत. त्या बंगल्याचं एका रात्रीचं भाडं याहून जास्त आहे.

एक गोष्ट मात्र माझ्याच्यानं अजून झालेली नाही. वादळात खांब पडतात, लाइट दोन-दोन दिवस नसते. २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. तेव्हापासून प्रत्येक बंगल्यावर जनरेटर आला. घाईत बसवलेल्या कितीतरी जनरेटरचा न्यूट्रल आर्थला जोडलेलाच नसतो. मग गळती झाली तरी आरसीसीबीला ती कळतच नाही आणि तो पडत नाही. लाइट गेल्यावर पाहुण्यांना पुलात मजा यावी म्हणून जनरेटरवर तेच दिवे लावले जातात. पुतण्याचा जनरेटर भाड्याचा आहे, त्याच्या मालकाला मी दोनदा सांगितलंय, तो ‘बघतो काका’ म्हणतो. तोवर जनरेटर चालू असताना पुलाचे दिवे बंद, असा फलक मी स्वतः पंप-खोलीत लावला आहे. खडूनं.

संपादक महोदय, माझं मागणं दोन ठिकाणी आहे. पहिलं, भाड्यानं जाणाऱ्या प्रत्येक पुलाची वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, परवानाधारकाकडून तपासणी व्हावी. दिव्यांचे व्होल्ट, ट्रान्सफॉर्मर, आरसीसीबी, शिडीचं आर्थिंग, काठापासून दोन मीटरच्या आत सॉकेट नाही ना (गाणी लावायला ओढलेला एक्स्टेंशन बोर्ड यातच आला). तपासणीचा कागद पुलाशी लावावा, जिथे ‘खोली ५ फूट’ आणि ‘सूर मारू नये’ लिहिलेलं असतं तिथेच. हे काम विद्युत निरीक्षकांनी मनावर घेतलं तर होण्यासारखं आहे. ग्रामपंचायतींनीही विचारायला हरकत नाही, घरपट्टी घेताना बंगल्याचं मोजमाप त्या बारकाईनं घेतातच.

दुसरं मागणं वाचकांकडे. बंगला घेताना गाद्या, कपबशा, वायफाय सगळं विचारता. संध्याकाळी पोरं पाण्यात उतरण्याआधी केअरटेकरला एवढं म्हणा, की दादा, आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून दाखवा. अर्धा मिनिट लागतो. बंगला अंधारात गेला तर पुन्हा वर करा आणि खुशाल पोहा. नाही गेला, किंवा ‘ते काय असतं’ असा चेहरा झाला, तर त्या रात्री पुलाचे दिवे लावू देऊ नका. आणि पोर म्हणालं मुंग्या येतात, तर त्याच्यावर हसू नका.

काढलेला तो दिवा मी टाकून दिलेला नाही. काचेतल्या पाण्यासकट माझ्या पडवीत आहे, एम-सीलचा गोळाही. वीजतंत्रीची पुढची बॅच सुरू झाली की नेऊन वर्गात ठेवणार आहे. तशी परवानगी मागितली आहे, अजून उत्तर आलेलं नाही.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिल्प निदेशक
नागाव, ता. अलिबाग, जि. रायगड